डब्ल्यूपीएफ: स्वतः लिहिलेल्या कंट्रोलवर बाइंडिंग चालतच नाही, पेटीत कायम ०

अर्धविराम:
डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजच्या स्क्रीन बनवायचं मायक्रोसॉफ्टचं फ्रेमवर्क) दोन दिवस एका पेटीने जीव खाल्लाय. नंबरबॉक्स नावाचा छोटासा यूजरकंट्रोल लिहिलाय, मधे टेक्स्टबॉक्स आणि शेजारी अधिक-उणेची दोन बटणं. त्याला व्हॅल्यू नावाची डिपेन्डन्सी प्रॉपर्टी (बाइंडिंग जोडता येईल अशी प्रॉपर्टी) आहे, टाइप इंट, म्हणजे पूर्णांक. ऑर्डरच्या स्क्रीनवर ती व्ह्यूमॉडेलच्या (स्क्रीनमागचा डेटा धरणारा क्लास) क्वांटिटीला बाइंड केली, म्हणजे आकडा तिथून आपोआप यावा असं जोडलं. क्वांटिटी १२ आहे, शेजारच्या साध्या टेक्स्टब्लॉकमध्ये १२ दिसतातही. माझ्या पेटीत मात्र ०.

बाइंडिंग काढून झॅमलमध्ये (स्क्रीनची मांडणी लिहायची भाषा) थेट २५ लिहिले तर २५ दिसतात, म्हणजे आतली जोडणी ठीक असावी. आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड (डेटा बदलला की स्क्रीनला कळवणारा इंटरफेस) आहे, दोनदा तपासलं. व्हॅल्यूच्या सेटरमध्ये (प्रॉपर्टीत किंमत लिहिणारा कोड) ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवायची खूण, लावला, तिथे प्रोग्राम कधी थांबतच नाही. अगदी २५ लिहिले तरी नाही! एक्सेप्शन नाही, काही नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये इनिशियलाइझकंपोनंटनंतर एकच ओळ आहे, डेटाकॉन्टेक्स्ट = धिस. ती जुन्या एका कंट्रोलवरून उचलली होती.

जुना_खिळा:
ती एकच ओळ नडली.

स्क्रीनवर लिहिलेलं बाइंडिंग क्वांटिटी शोधायला कंट्रोलच्या स्वतःच्या डेटाकॉन्टेक्स्टकडे, म्हणजे बाइंडिंगने जिथे शोधायचं त्या वस्तूकडे, जातं. एरवी तो वरच्या खिडकीकडून वारशाने मिळतो. तुम्ही कन्स्ट्रक्टरमध्ये तिथे 'धिस', म्हणजे कंट्रोललाच बसवलंत, वारसा तुटला. आता क्वांटिटीचा शोध नंबरबॉक्सवर होतो, तिथे ती नाही, म्हणून डीफॉल्ट दिसतो. तोच तुमचा ०. थेट लिहिलेले २५ चालतात, कारण तिथे शोधायचं काही नसतंच.

एक्सेप्शन येत नाही, पण आउटपुट खिडकीत 'सिस्टम.विंडोज.डेटा एरर: ४०' अशी ओळ नक्की पडलेली असेल. तीत काय सापडलं नाही याच्याआधी कुठे शोधलं ते वाचा. 'ऑब्जेक्ट नंबरबॉक्स' दिसलं की उलगडा झालाच.

ओळ काढून टाका. आतल्या टेक्स्टबॉक्सचं बाइंडिंग रिलेटिव्हसोर्स (डेटाकॉन्टेक्स्टऐवजी वरच्या एखाद्या कंट्रोलकडे बघायला सांगणं) वापरून, अ‍ॅन्सेस्टरटाइप यूजरकंट्रोल देऊन, व्हॅल्यूकडे वळवा. काही जण आतल्या मुख्य ग्रिडचा डेटाकॉन्टेक्स्ट धिस करतात, तेही चालतं. मला रिलेटिव्हसोर्स बरं वाटतं. सहा महिन्यांनी नुसतं झॅमल वाचून कळतं की आकडा कुठून येतोय.

सेटरचं म्हणाल तर तिथे कुणी येणारच नाही. झॅमल आणि बाइंडिंग दोघंही थेट सेटव्हॅल्यू बोलावतात, तुमचा सेटर फक्त सी शार्पमधून लिहिणाऱ्यांसाठी. किंमत बदलल्यावर काही करायचं असेल तर प्रॉपर्टी रजिस्टर करताना प्रॉपर्टीचेंज्डकॉलबॅक (बदल झाला की बोलावलं जाणारं फंक्शन) द्या.

अर्धविराम:
१२ दिसले! एरर ४० ची ओळ खरंच होती, एकूण सतरा वेळा. मी ती खिडकी बंद करून बसले होते.

पण आता पुढचं. अधिक दाबलं की पेटीत १३ होतात, सेव्ह केलं की जातात १२च. आणि यादीतून दुसरी ऑर्डर निवडली तर पेटी १३वरच अडून बसते. बटण न दाबता ऑर्डर बदलली तर बरोबर बदलते. बटणाच्या क्लिकमध्ये फक्त व्हॅल्यू = व्हॅल्यू + १ आहे.

जुना_खिळा:
एक प्रयोग करा. क्लिकमध्ये ब्रेकपॉइंट लावा आणि त्या ओळीच्या आधी व नंतर इमिजिएट विंडोमध्ये (थांबलेल्या प्रोग्रामला प्रश्न विचारायची खिडकी) बाइंडिंगऑपरेशन्स.गेटबाइंडिंगएक्स्प्रेशन विचारा, म्हणजे बाइंडिंग जागेवर आहे का ते कळेल, कंट्रोल धिस आणि प्रॉपर्टी व्हॅल्यूप्रॉपर्टी. काय येतं ते इथे लिहा.

अर्धविराम:
आधी बाइंडिंगएक्स्प्रेशन, नंतर नल. म्हणजे माझ्याच कोडने बाइंडिंग उडवलं?

जुना_खिळा:
हो. टेक्स्टबॉक्सची टेक्स्ट प्रॉपर्टी मुळातच टूवे आहे, म्हणजे किंमत मॉडेलकडून येते आणि मॉडेलकडे परतही जाते, म्हणून आपल्याला वाटतं सगळंच तसं असतं. आपण रजिस्टर केलेली प्रॉपर्टी न सांगता वनवे असते, किंमत फक्त येते. वनवे बाइंडिंगवर कोडमधून किंमत लिहिली की ती लोकल व्हॅल्यू ठरते आणि बाइंडिंगला हाकलून त्याच्या जागी बसते. म्हणून १३ मॉडेलपर्यंत गेले नाहीत, आणि म्हणूनच पुढच्या ऑर्डरचा आकडाही आला नाही. टूवे असेल तर बाइंडिंग जागेवर राहतं आणि नवी किंमत मॉडेलकडे पोचवतं.

रजिस्टर करताना साध्या प्रॉपर्टीमेटाडेटाऐवजी फ्रेमवर्कप्रॉपर्टीमेटाडेटा घ्या आणि बाइंड्सटूवेबायडीफॉल्ट हा पर्याय द्या. वापरणाऱ्याने दर वेळी मोड लिहावा अशी अपेक्षा ठेवू नका, एक जण विसरतोच. शिवाय क्लिकमध्ये सेटकरंटव्हॅल्यू वापरा. डॉटनेट ४ पासून ती याचसाठी आहे, किंमत बदलते पण बाइंडिंगला धक्का लावत नाही. उद्या कुणी मुद्दाम वनवे लावलं तरी तुमचा कंट्रोल ते तोडणार नाही.

चहाटळ:
मधेच बोलतो. हाच कंट्रोल पुढे टेम्प्लेटवर (रूप वेगळं लिहून नंतर बदलता येणारी मांडणी) नेणार असाल तर टेम्प्लेटबाइंडिंगच्या भरवशावर राहू नका, ते कायम एकाच दिशेचं. रिलेटिव्हसोर्स टेम्प्लेटेडपेरेंट आणि मोड टूवे असं लिहायचं. माझा एक शुक्रवार त्यात गेला. आणि मेटाडेटात डीफॉल्ट म्हणून नवी लिस्ट कधी देऊ नका, सगळ्या कंट्रोलांत तीच एक लिस्ट वाटली जाते. त्यात माझा सोमवार गेला.

अर्धविराम:
टूवे आणि सेटकरंटव्हॅल्यू दोन्ही केलं, बटणं सुतासारखी चालतात. एक चमत्कारिक गोष्ट उरली. पेटीत हाताने ४० टाइप करून वरच्या टूलबारमधलं सेव्ह दाबलं तर जुनाच आकडा जातो. टॅब दाबून बाहेर पडले आणि मग सेव्ह केलं तर ४०. फॉर्मच्या तळाशी दुसरं सेव्ह आहे, त्याने थेट ४० जातात. दोन्ही बटणांना कमांड एकच!

जुना_खिळा:
हा माझा आवडता. टेक्स्टबॉक्सचं टेक्स्ट मागे मॉडेलकडे लिहिलं जातं लॉस्टफोकसला, म्हणजे फोकस पेटीतून निघाल्यावर. टूलबार हा वेगळा फोकस स्कोप असतो, म्हणजे फोकस कुठे आहे याची स्वतःची वेगळी नोंद ठेवणारा भाग. त्यातलं बटण दाबलं तरी फॉर्मच्या स्कोपमधला लॉजिकल फोकस पेटीतच राहतो, लॉस्टफोकस घडतच नाही. तळाचं बटण फॉर्मच्याच स्कोपमध्ये आहे, म्हणून तिथे घडतो. मेनूचंही असंच.

आतल्या टेक्स्टबॉक्सच्या बाइंडिंगला अपडेटसोर्सट्रिगर प्रॉपर्टीचेंज्ड द्या, मग प्रत्येक अक्षराला किंमत मागे जाते. इंट आहे तोवर निर्धास्त. उद्या टाइप डबल (दशांश अपूर्णांक) केलंत तर डॉटनेट ४.५ पासून टाइप करताना दशांशचिन्ह गिळलं जातं, तेव्हा या धाग्यावर परत या.

अर्धविराम:
झालं, ४० गेले.

मग सगळ्या प्रोजेक्टमध्ये डेटाकॉन्टेक्स्ट = धिस शोधलं. अकरा कंट्रोल निघाले. नऊ जणांना बाहेरून कुणी कधी बाइंडच केलेलं नाही, नुसती मजकुराची लेबलं थेट लिहिलेली, म्हणून आजवर बिनबोभाट चालले. उरलेल्या दोघांच्या वापरात, बाइंडिंग चालत नाही म्हणून कुणीतरी लोडेडमध्ये (कंट्रोल उघडताना चालणारा कोड) किमती हाताने भरल्यात. त्यातला एक उद्या उघडते.