मदत हवी आहे: बुधवारचा झणझणीत कोळंबी पास्ता, कोळंबीला पाणी सुटतं आणि ती चिवट होते

मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. नोकरी कुपवाडला, घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. आमच्यात सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात आणि रविवारी मटण ठरलेलं, त्यामुळं मासळी म्हटली की बुधवारच. लेक आठवीत, तिला पास्ता हवा असतो. सासऱ्यांना कवळी आहे, पण जेवण तिखटच लागतं. फिकं वाढलं तर तक्रार करत नाहीत, गप्प जेवून उठतात, आणि तेच माझ्या जिवाला लागतं. दोघांसाठी दोन प्रकार करायला वेळ नाही. शिवाय आठवड्यातून एक रात्र तरी सगळ्यांनी एका पातेल्यातलं खावं असं मला मनापासून वाटतं.

तीनदा केला, तीनदा फसला. कसा केला ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे चूक सापडेल.

ताजी कोळंबी रत्नागिरीकडून आंबा घाट उतरून नव्हे, चढून कोल्हापूरमार्गे इकडं येते, पण माझ्या वेळेला काही उरत नाही. म्हणून फ्रोजन, सोललेली, पाव किलो. २५० ग्रॅम पेने (नळीसारखा पास्ता) उकळत्या पाण्यात चमचाभर तेल टाकून पाकिटावर लिहिलेली ११ मिनिटं शिजवला आणि चाळणीत ओतून नळाखाली धुतला. कढईत तेल तापवून दहा पाकळ्या ठेचलेला लसूण, लगेच दोन चमचे घरचा कांदा-लसूण मसाला, मग तीन टोमॅटो. ते शिजल्यावर कोळंबी घालून झाकण, सात-आठ मिनिटं.

कोळंबी पडली की क्षणभर चर्र होतं आणि आवाजच बसतो. कडेनं राखाडी पाणी वर येतं, लसणाचा वास जातो, आणि मी तळतेय की उकडतेय तेच कळत नाही. शेवटी कोळंबी सुपारीएवढी होते. मागच्या बुधवारी सासऱ्यांनी एकेक कोळंबी ताटाच्या कडेला काढून ठेवली, आणि नुसता पास्ता खाल्ला. तोही कोरडाच, कारण मसाला पास्त्याला धरतच नाही, खाली पाणी साचतं. वर मसाल्याला कडवट चव.

व्हाइट सॉस कृपया सुचवू नका. सासूबाई मासे आणि दूध एकत्र करू देत नाहीत आणि मला त्यांचा शब्द मोडायचा नाही. अर्ध्या तासात होईल असं कुणी सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, पास्ता धुऊ नका. त्याच्या अंगावरचा पिठूळपणाच मसाला धरून ठेवतो, तो तुम्ही नळाखाली सोडून देताय. पाण्यात तेलही नको, मीठ घाला. दोन मिनिटं आधी, म्हणजे नवव्या मिनिटाला काढा आणि त्या पाण्यातलं वाटीभर बाजूला ठेवा. उरलेली दोन मिनिटं पास्ता मसाल्यातच शिजू दे, थोडं थोडं ते पाणी घालत जोरात हलवा. पाणी आणि तेल एकजीव होऊन दाटपणा येतो. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला बघून घ्या, मैद्याचा असेल तर गिचका होतो.

प्रतिसाद:
कोळंबीला सात मिनिटं फार झाली. पिशवी न फोडता थंड पाण्यात २० मिनिटं ठेवा, मग सुती फडक्यात दाबून अगदी कोरडी करा. फ्रोजनवर बर्फाचा थर असतो, तेच तुमचं राखाडी पाणी. कढई चांगली तापवून निम्मी निम्मी घाला, झाकण नको. एका बाजूनं मिनिटभर, दुसऱ्या बाजूनं मिनिटभर, गुलाबी होऊन अर्धवट वळली की ताटलीत काढा. पार गोल वेटोळं झालं म्हणजे वेळ गेली. मसाला तयार झाल्यावर अगदी शेवटी परत घाला.

प्रतिसाद:
मी कराडची, घरी कांदा-लसूण मसाला आमच्याकडंही. त्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात, सगळं आधीच भाजलेलं. तापल्या तेलात पडलं की करपणारच, तुमचा कडवटपणा तिथला आहे. आधी लसूण मंद आचेवर, मग टोमॅटो, तेल सुटलं की मसाला. दोनऐवजी दीड चमचा घाला आणि रंगाला ब्याडगीची पूड. टोमॅटो पाणचट असतील तर एक आमसूल टाका.

मूळ धागाकर्ती:
तिघांचंही ऐकून काल केला. फडक्यात कोळंबी दाबली तर फडकं पिळण्याइतकं ओलं झालं, इतकं पाणी मी आजवर कढईत घालत होते! आवाज शेवटपर्यंत चुरचुरत राहिला. पास्त्याला मसाला असा लागला की ताटात खाली काही उरलं नाही. लेकीला वर चीज हवं होतं. इटलीतही समुद्री मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत असं सांगितल्यावर सासूबाई प्रसन्न झाल्या. सासऱ्यांनी कोळंबी सगळी खाल्ली.

मीठ मात्र जास्त झालं. पास्त्याच्या पाण्यातलं मीठ धरायचं विसरले आणि मसाल्यात वेगळं घातलं. आणि एक विचारायचं होतं: पुढच्या बुधवारी माकूल (स्क्विड) मिळाली तर तीही अशीच मोठ्या आचेवर दोन मिनिटं करायची का? आमच्या घरी कुणी ती कधी केलेली नाही.

प्रतिसाद:
हो, दोनच मिनिटं. ती हुकली तर मग अर्धा-पाऊण तास मंद शिजवावी लागते, तेव्हाच परत मऊ होते. रिंगा बोटभर रुंद कापा.