जिवती: देवी की कागद?

बाजारात ‘जिवत्या आल्या’ म्हणतात तेव्हा श्रावणात भिंतीवर लावून पुजायचे छापील कागद आल्याचं कळतं. कहाणीत मात्र जिवती ही देवी. मूळ अर्थ कोणता? आणि माझ्या सासरी त्याच कागदाला ‘नागनरसोबा’ का म्हणतात?

— ताई, मूळ अर्थ देवीच. संस्कृत जीवन्तिका, तिची जिवंतिका, बोलण्यात जिवती. पूजेच्या श्लोकात ‘जरे जीवन्तिके देवि बालयुक्ते’ अशी हाक आहे. ही जरा महाभारताच्या सभापर्वातली राक्षसी. दोन शकलांत जन्मलेल्या जरासंधाला तिनं सांधलं, आणि बृहद्रथ राजाला सांगितलं की मला मुलाबाळांसह भिंतीवर काढील त्याच्या घरी भरभराट होईल. तिथे शब्दच आहेत ‘लिखेत् कुड्ये’. कुड्य म्हणजे भिंत. म्हणजे हिची पूजा पहिल्यापासून भिंतीवरच्या चित्राची. छापखाने आले नि गंधानं काढलेल्या चित्राच्या जागी कागद आला, एवढंच. मूर्ती आणताना आपण ‘गणपती आणला’ म्हणतो, तसंच हे. क्रियापदाकडे लक्ष द्या: जिवती ‘लावली’ तर कागद, जिवती ‘पुजली’ तर देवी.

— नागनरसोबाचं सांगतो. कागदावर चार खण असतात. खांबातून निघालेला नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, खाली पोरं घेतलेल्या दोघी जिवत्या, आणि हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. तुमच्या सासरी वरच्या दोन खणांवरून नाव पडलं, इतरत्र तिसऱ्यावरून. बुध-बृहस्पतींच्या नावानं कागद मागणारं कुणी मला भेटलेलं नाही, बिचारे! माझ्या मते हा कागद म्हणजे श्रावणाचं कॅलेंडरच आहे. नाग पंचमीला, बुध-बृहस्पती त्यांच्या त्यांच्या वारी, जिवती शुक्रवारी, नरसिंह शनिवारी. आकडा एकही नाही, तरी आज कुणाची पाळी हे निरक्षर आजीलाही कळायचं.

— कॅलेंडर म्हणणं जरा ताणलेलं वाटतं. सोमवारची शिवामूठ त्यात नाही, मंगळागौर नाही, रविवारची आदित्यराणूबाई नाही. कॅलेंडरला असे वार गाळून कसं चालेल? ‘पट’ हा शब्द बरा, जिवतीचा पट.

— गाळलेल्या वारांचं खरं आहे. पण लावायची नि काढायची तिथी ठरलेली आहे, ते कसं विसरता? दिव्यांच्या अवसेला किंवा श्रावण लागताच लावायची, आघाडा-दूर्वांची माळ नि कापसाचं वस्त्र घालायचं, श्रावणी अमावस्येनंतर विसर्जन. हा हिशेब अमान्त, म्हणजे अमावस्येला संपणाऱ्या, महिन्याचा. उत्तरेकडचा श्रावण पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्याच्याशी हा कागद जुळायचाच नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा दिव्यांची अवस १७ जुलैला होती, पण व्रतांचा निज श्रावण १७ ऑगस्टला लागला. त्या वर्षी ‘जिवती कधी लावायची?’ हा प्रश्न घरोघरी होता. आमच्याकडे निज श्रावणातच लावली.

— जाता जाता: जिवंती नावाची औषधी वेल (आपली डोडी) वेगळी, आणि चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुकाही वेगळा. शोधताना दोन्ही मध्ये येतात. आणि ताई, शुक्रवारी पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळतात. लेक परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकतात. त्यांनाही ‘जिवतीच्या अक्षता’ म्हणतात आमच्याकडे. तुमच्याकडे काय म्हणतात?