विषाणूची नक्कल कोण ठरवतं: आरएनएवरची अक्षरं, आकार की एन्झाइम?

परळचा_मास्तर
टीवायच्या मुलांना आपण अजूनही विषाणूचा आरएनए म्हणजे प्रथिनांची यादी असंच शिकवतो. माझ्या मते हे अर्धवट आहे. पोलिओचंच बघा. जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा आरएनए, जेमतेम साडेसात हजार अक्षरांचा. त्यात 2सी प्रथिनाच्या मजकुरातच साठेक अक्षरांची एक गाठ दडलीय, तिला ‘क्रे’ म्हणतात. गाठीच्या माथ्यावर एएएसीए ही अक्षरं. तिथले ए वाचून पॉलिमरेज, म्हणजे आरएनएची नक्कल काढणारं एन्झाइम, व्हीपीजी नावाच्या चिमुकल्या प्रथिनाला दोन यू चिकटवतं आणि तिथून नवी साखळी सुरू होते. अमिनो आम्लं तीच ठेवून गाठीतली अक्षरं बिघडवा: 2सी शाबूत, नक्कल बंद! हुकूम अक्षरांचा, पॉलिमरेज नुसता हमाल.

ठाणे_स्लो
हमाल? सपशेल विरोध. क्यूबीटा हा ई. कोलायवर जगणारा विषाणू घ्या. त्याचं रेप्लिकेज, म्हणजे नक्कल काढणारं एन्झाइम, चार तुकड्यांचं, पैकी स्वतःचा एकच. उरलेले तीन त्या बिचाऱ्या जिवाणूचे. ते मिळाले नाहीत तर तुमचे हुकूम वाचणार कोण?

परळचा_मास्तर
क्यूबीटा तुम्हीच काढलात ते बरं झालं. 1967 साली स्पीगेलमन या शास्त्रज्ञाच्या गटाने त्याचा आरएनए तयार रेप्लिकेजबरोबर नळीत ठेवला आणि नकलांच्या नकला काढत गेले. 74 फेऱ्यांनंतर 83 टक्के जीनोम गळाला होता. प्रथिनांचा मजकूर बहुतेक गेला. रेप्लिकेजला ओळख पटेल तेवढं टिकलं.

ठाणे_स्लो
नळीत रेप्लिकेज फुकट मिळत होतं हो! पेशीत सोडा त्याला, मग बघू.

माहीम_खाडी
तुम्ही दोघं भांडा, पण आकाराचं काय? दर पावसाळ्यात आपल्याकडे वॉर्ड भरवणारा डेंग्यू बघा. त्याचं पॉलिमरेज, एनएस5, बसतं सुरुवातीच्या टोकावरच्या एसएलए या घडीवर. नक्कल मात्र सुरू व्हायची असते शेपटाकडून, जवळपास 10,700 अक्षरं पलीकडे. मग दोन्ही टोकांजवळचे पूरक तुकडे एकमेकांना जुळतात, जीनोमचं कडं होतं आणि एनएस5 शेपटाशी पोचतं. एका बाजूची अक्षरं बदलली की काम थांबतं. दुसऱ्या बाजूला जुळतील अशी बदलली की पुन्हा सुरू! अक्षरं वेगळी, जुळणी तीच. मास्तर, इथे तुमचा मुद्दा टिकत नाही.

परळचा_मास्तर
त्या जुळणीपुरतं मान्य. पण त्याच एसएलएच्या माथ्यावरच्या फासातली, म्हणजे न जुळलेल्या वळणातली, अक्षरं बदला, खालचा जुळलेला दांडा तसाच ठेवून. नक्कल कोलमडते. घडी अक्षरं पुढे करते, पण ओळख त्यांचीच पटते.

ठाणे_स्लो
आणि ‘क्रे’ला तरी कुठे ठरलेली जागा आहे? पोलिओत 2सीमध्ये, सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरस 14 मध्ये कवचाच्या प्रथिनात, गुरांच्या लाळ्या-खुरकुतात तर प्रथिनांचा मजकूर सुरू होण्याआधीच.

कांजूर_पूर्व
या वादातून हाती काय लागतं? प्रामाणिक प्रश्न आहे.

माहीम_खाडी
लस लागते, कांजूरकर. जागा बदलता येते याचाच फायदा नव्या टाइप 2 पोलिओ डोसात, एनओपीव्ही2 मध्ये, घेतलाय. जुन्या सेबिन डोसातला विषाणू ज्या बदलांमुळे दुबळा झाला, त्यातला कळीचा बदल सुरुवातीच्या टोकावर होता. आतड्यात पोलिओच्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूशी (एन्टेरोव्हायरसशी) तुकड्यांची अदलाबदल करून तो पुन्हा जोर धरू शकायचा. म्हणून ‘क्रे’ त्याच दुबळ्या भागाशेजारी नेऊन बसवला आणि 2सीमधला निकामी केला. आता तो भाग टाकायला गेला तर ‘क्रे’ही जातो. 2020 च्या नोव्हेंबरात डब्ल्यूएचओने आपत्कालीन वापराला मान्यता दिली.

ठाणे_स्लो
आणि 2023 मध्ये काँगो आणि बुरुंडीत त्याच डोसापासून निघालेल्या विषाणूने मुलं लुळी झाली, तेही लिहा.

माहीम_खाडी
लिहिते. झालंच तसं. पण जुन्या डोसाच्या मानाने हे प्रमाण बरंच कमी आहे. जिथे लसीकरण अर्धवट राहतं तिथे विषाणूला फिरत राहून बदलायला वेळ मिळतो, मग ‘क्रे’ कुठेही बसवा. मुंबईचं सांडपाणी 2001 पासून पोलिओसाठी तपासतात ते उगाच नाही.

परळचा_मास्तर
यात ठाणेकरांचं ‘एन्झाइमच मालक’ कुठे बसलं ते कळलं नाही. एनओपीव्ही2 च्या पॉलिमरेजमध्येही बदल केलेत, पण ते चुका आणि अदलाबदल कमी व्हावी म्हणून. सुरुवात कुठून करायची हे अजूनही ‘क्रे’च सांगतो.

ठाणे_स्लो
म्हणजे हमालालाही प्रशिक्षण द्यावं लागलं तर!