मैदानावरून धर्मप्रसार: कितपत योग्य?

सीमावासी
बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात एका ख्रिस्ती मंडळीने व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवल्या. प्रवेश फी नव्हती, टी-शर्ट मोफत होते आणि उपान्त्य सामन्यानंतर अर्धा तास प्रवचन झाले, ज्याचा पत्रकात अवाक्षराने उल्लेख नव्हता. घटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे हे मला मान्य आहे. परंतु त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले आहे. अंतिम सामन्यासाठी थांबलेला पंधरा वर्षांचा मुलगा प्रवचनातून उठून जाऊ शकतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

कॅम्पकर
आपण ज्या खेळाबद्दल बोलत आहात तो जन्मालाच १८९५ साली अमेरिकेतील होलिओकच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत, विल्यम मॉर्गन यांच्या हातून आला. बास्केटबॉलही त्याआधी चार वर्षे स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए शिक्षणसंस्थेतच सुरू झाला. मद्रासमध्ये १९२० साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढणारे हॅरी क्रो बक याच संस्थेचे होते आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे व्यवस्थापनही त्यांनीच पाहिले. बेळगावात लंडन मिशन १८२० मध्ये आले, सेंट पॉल्स शाळा १८५६ मध्ये निघाली आणि कॅम्पातील मैदानांवर सर्व धर्मांची मुले फुटबॉल खेळत मोठी झाली. त्यांतील किती जणांनी धर्म बदलला, हे आपणच सांगावे. शिवाय आपल्या तालमीत मारुती असतोच. त्याला नमस्कार केल्याशिवाय पैलवान हौद्यात उतरत नाही, त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

सीमावासी
तालमीतला मारुती दारातूनच दिसतो, तो कुस्तीच्या मध्यावर अचानक प्रकट होत नाही. माझी तक्रार लपवण्याबद्दल आहे.

तालमीचा जुना
मारुतीचा दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण द्यावा. आमच्या काळी तालमीत कोणाला घेत आणि कोणाला दारातूनच परत पाठवत, हे गावातील जुन्या माणसांना विचारावे. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. ज्या वस्तीतील पोरांना गावाने कधी चेंडू दिला नाही, त्यांना तो चर्चने दिला की आपल्याला संस्कृतीची आठवण होते. पंचायतीने मैदान सपाट करून एक जाळी बांधली असती, तर हा वाद उद्भवलाच नसता.

पवित्र शनिवार
मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि तरीही मूळ आक्षेपाच्या बाजूने आहे. एरिक लिडेल याने १९२४ मध्ये पॅरिसला शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून धावण्यास नकार दिला, चारशे मीटरचे सुवर्ण जिंकले आणि पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला. त्याची श्रद्धा त्याच्या वागण्यातून दिसली. त्यासाठी त्याला प्रेक्षक अडवून ठेवावे लागले नाहीत. फुकटच्या टी-शर्टावर मिळालेला श्रोता आमच्या उपासनेच्या काय कामाचा? उलट अशा कार्यक्रमांमुळे पिढ्यान्‌पिढ्या इथे मराठी बोलत राहिलेल्या आमच्या घरांकडे संशयाने पाहिले जाते.

कॅम्पकर
संशय टी-शर्टामुळे येत नाही. धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात मंजूर केले, त्यात भेटवस्तू आणि धार्मिक संस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षणसुद्धा आमिषाच्या व्याख्येत बसवले. २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा मागे घेण्याचे ठरवले, परंतु प्रत्येक चषकाकडे आमिष म्हणून पाहण्याची सवय मागे घेता येत नाही. पत्रकावर प्रवचनाची वेळ छापावी, हे मात्र मला पटते.

सीमावासी
वेळ छापावी, प्रवचन बक्षीस समारंभानंतर ठेवावे आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. या तीन अटी मान्य असतील तर पुढच्या वर्षी आमच्या गल्लीचा संघ मी स्वतः घेऊन येईन.

तालमीचा जुना
संमतीपत्राची अट गणेशोत्सव मंडळांच्या कबड्डी स्पर्धांनाही लागू करणार असाल तर माझाही पाठिंबा आहे, नाहीतर नाही.