कंत्राटदाराच्या कामात पाईप सुटला, त्याचा विमा नाही. "सगळं मिटलं" असं लिहून द्यावं का?

ओलीभिंत:
बाथरूमच्या नूतनीकरणात भिंतीतला सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाईप सांध्यात सुटला. रात्रभर पाणी वाहिलं. शेजारच्या खोलीचं लाकडी फ्लोअरिंग फुगलंय, भिंत तीन फुटांपर्यंत ओली आहे. कंत्राटदाराचा विमा नाही. थोडी रोख रक्कम देतो म्हणतोय, पण बदल्यात "कोणतीही मागणी उरली नाही" असं लिहून हवंय. त्याचे 20 टक्के पैसे अजून द्यायचे आहेत. घराचा विमा आहे. काय करावं?

कलमवाचक:
सही अजिबात नको. घराचा विमा असताना तर नकोच. विमा कंपनी आधी तुम्हाला पैसे देते आणि मग तुमच्या जागी उभी राहून नुकसान करणाऱ्याकडून वसूल करते. याला सब्रोगेशन म्हणतात. तुम्हीच त्याला मोकळं केलंत तर कंपनीचा तो हक्क बुडतो, आणि तेच कारण दाखवून ती तुमचा दावा नाकारू शकते.

आजच कंपनीला कळवा, पॉलिसीत कळवण्याची मुदत असते. दोन याद्या वेगळ्या करा: एक खराब कामाची (सांधा, पाईप, तिथली टाइल), दुसरी त्यामुळे झालेल्या नुकसानीची (फ्लोअरिंग, प्लास्टर, रंग, फर्निचर). सदोष काम दुरुस्त करण्याचा खर्च पॉलिसी सहसा देत नाही. दुसऱ्या यादीतलं मात्र बऱ्याचदा मिळतं. एकाच बिलात सगळं घातलं तर आख्खा दावा लटकतो.

आणि त्याचा विमा नाही म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. पैसे त्याच्या खिशातून यायचे, एवढाच फरक. म्हणून खिसा किती खोल आहे ते आधी पाहा. एकरकमी झेपत नसेल तर नुकसानीची कबुली आणि तारखांसह हप्ते, दोन्ही एकाच कागदावर त्याच्या सहीनं घ्या.

सांधाजोड:
सुटलेला सांधा फेकू देऊ नका, सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. फिटिंगच्या दोन्ही बाजूंना साधारण 15 सेंमी पाईप ठेवून कापा, पिशवीत घालून तारीख लिहा. कापण्यापूर्वी जागेवरच मोजपट्टी लावून फोटो काढा आणि कंत्राटदाराला पाहायला लेखी बोलवा. नंतर "मला दाखवलंच नाही" म्हणायला जागा उरत नाही.

सांधा स्वतःच बोलतो. सॉल्व्हंट सिमेंटचा (पाईप चिकटवायच्या द्रावणाचा) थर पाईपच्या टोकावर अर्ध्यापर्यंतच दिसत असेल तर पाईप फिटिंगच्या खाचेत तळापर्यंत घातलाच नव्हता. थर पूर्ण आहे पण ओढल्यासारखा दिसतो, तर ते सिमेंट वाळण्याआधी पाणी सोडलं असण्याची शक्यता मोठी. आट्यांच्या फिटिंगला उभी चीर असेल तर बहुधा पान्यानं जास्त आवळलं. नवीन लाइन टाइलमागे झाकण्यापूर्वी रोजच्या दाबाच्या दीडपट दाबाची चाचणी घ्या आणि गेजचा फोटो ठेवा. ही चाचणी आधीच झाली असती तर हा धागाच निघाला नसता.

आता सुकवणं. ओल्या लाकडावर आणि प्लास्टरबोर्डवर 24 ते 48 तासांत बुरशी धरू शकते, तेव्हा विमा कंपनीच्या पाहणीची वाट बघत पाणी तसंच ठेवू नका. फोटो काढा, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) उतरवा, पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) लावा. नुकसान वाढू न देणं हे तुमचंही काम आहे, वाढलेला भाग भरपाईतून वजा होऊ शकतो. भाड्याच्या यंत्रांच्या पावत्या जपा.

फळ्यांच्या कडा वर आल्यात म्हणून लगेच घासून सपाट करायची घाई नको. आतला ओलावा गेल्यावर कडा खाली बसतात, आणि तोवर त्या घासल्या असतील तर फळीचा मध्यभाग उंच राहतो. कोरड्या खोलीतल्या फळीशी ओलावा मोजायच्या मीटरनं तुलना करा, आकडे जवळ आले की मग ठरवा. भिंतीसाठी दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिक चारही कडांनी टेप लावून किमान 16 तास ठेवा. मागे दव धरलं तर रंग लावू नका.

मेगर५००:
त्या भिंतीत विजेचे सॉकेट आहेत का? असतील तर सर्किट बंदच ठेवा. इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टला वायरीचं इन्सुलेशन (आवरणाचा वीजरोध) मोजून घ्या, 1 मेगओहमपेक्षा कमी आलं तर वायर बदला. रिपोर्ट लेखी मागा, तोही दुसऱ्या यादीत जातो.

ओलीभिंत:
फ्लोअरिंग सात वर्षांचं आहे. नव्याची पूर्ण किंमत मिळेल? आणि ते 20 टक्के थांबवू का?

कलमवाचक:
कंत्राटदाराकडून पूर्ण मिळेल असं धरू नका, वापराची घट कापली जाऊ शकते. विम्यात मात्र "नव्याच्या बदल्यात नवं" असं कलम असेल तर गोष्ट वेगळी, पॉलिसी काढून पाहा. दोन-तीन स्वतंत्र अंदाजपत्रकं घ्या, प्रत्येकात चौरस फूट आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली हवी. "अंदाजे एकूण" असला कागद कुणी विचारात घेत नाही.

20 टक्के थांबवण्याआधी करार वाचा. तो आड येत नसेल तर अंदाजपत्रकातल्या नुकसानीइतकेच थांबवा आणि कारण त्याच दिवशी लेखी कळवा. न सांगता पैसे अडवलेत तर थकबाकीदार तुम्हीच ठरता. पत्रात चार गोष्टी पुरेत: काय झालं आणि कधी, कुठल्या कामामुळे, किती रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत उत्तर. 14 दिवस द्या, पोच ठेवा. "फसवणूक" वगैरे शब्द टाळा, उद्या तेच पत्र न्यायाधीश वाचणार आहेत.

रोख घ्यायचीच असेल तर आधी विमा कंपनीला विचारा आणि पावतीवर "अंशतः रक्कम, उर्वरित मागणी कायम" असं लिहून त्याची सही घ्या.