हाऊसकीपिंगच्या बायकांना पैशाचं आणि कामावरच्या वागण्याबोलण्याचं शिकवायचंय, कुणी केलंय का असं काही?

अबोली२२:
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने हडपसरला आमच्या सोसायटीमागच्या वस्तीत दर शनिवारी संध्याकाळी ५ ते साडेसहा एक वर्ग घेतेय. बहुतेक जणी आयटी पार्कमधे कॉन्ट्रॅक्टवर हाऊसकीपिंगला आहेत, दोघी मॉलमधे, एक शाळेत मावशी, वय २२ पासून ५३ पर्यंत. आमच्या ग्रूपने मला तयार पीपीटी दिली होती, अर्धा वर्ग मनी मॅनेजमेंट आणि अर्धा सॉफ्ट स्किल्स. पहिल्या शनिवारी १४ जणी आल्या, मी उत्साहाने ते ५०-३०-२० वालं बजेट सांगितलं म्हणजे पगाराचे ५० टक्के गरजा, ३० हौस, २० बचत. तर मागे बसलेली एक ताई हसायलाच लागली, म्हणे मॅडम माझे पन्नास तर खोलीच्या भाड्यातच जातात, हौस कुठून काढू. सगळ्या हसल्या, मी पण हसले, पण आतून जरा खजील झाले खरी.

सॉफ्ट स्किल्समधे तर अजूनच गंमत. स्लाईडवर आय कॉन्टॅक्ट, पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड, टाय घातलेला माणूस हात मिळवतोय असं चित्र. मी काय बोलतेय ते मलाच खोटं वाटायला लागलं. आता ५-६ जणीच येतात आणि त्यातल्या दोघी बहुतेक माझं मन राखायला येत असाव्यात. मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे, शिकवायचा अनुभव शून्य. मोठ्या माणसांना हे शिकवायचं कसं? की शिकवूच नये?

जुना_बँकर:
अबोलीताई, पहिलं काम करा, ती पीपीटी डिलीट करा :) मी बँकेतून रिटायर झालो, शेवटची काही वर्षं सातारा जिल्ह्यात गावोगाव साक्षरता शिबिरं घेतली, त्यामुळे तुम्ही पडलात तिथेच मी पण पडलोय.

या बायकांना पैशाचं कळत नाही हे डोक्यातून काढा. तेरा हजारात चार माणसांचं घर चालवणारीला बजेट आपण शिकवायचं? आमच्या भागातलंच सांगतो, म्हसवडला माणदेशी महिला बँकेच्या लायसन्सचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी काही जणी अंगठेबहाद्दर. त्या लिहावाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुम्ही मशीनवर करा. १९९७ साली बँक सुरू झाली. तेव्हा हिशोब त्यांना येतोच, अडतं ते कागदावर. समोरच्याने कागदात काय लपवलंय ते कळत नाही.

माझा हुकमी खेळ सांगतो. बारा वाट्या घ्या, प्रत्येकीत मूठभर शेंगदाणे. एक वाटी म्हणजे हजार रुपये, असं १२ हजारांचं कर्ज, १२ महिन्यांचं. खासगी फायनान्सवाला म्हणतो वर्षाला २४ टक्के फक्त, महिन्याला १२४० चा हप्ता. बरं. दर महिन्याला एक वाटी उचलून बाजूला ठेवायची आणि विचारायचं व्याज किती दिलं? २४०. पुढच्या महिन्यात ११ वाट्या उरल्या, व्याज किती? २४०च. असं करत करत शेवटी टेबलावर एकच वाटी उरते आणि त्या हजार रुपयांवर त्या महिन्याचं व्याज तरीही २४०. तिथे वर्गात एकदम शांतता होते. मग तेच कर्ज बचत गटातून महिना २ टक्क्यांनी घेतलं असतं तर? गट उरलेल्या मुद्दलावर घेतो, पहिल्या महिन्यात २४०, मग २२०, मग २००, वर्षाचे मिळून १५६०. तिकडे गेले २८८०. टक्का दोघांनीही २४ च सांगितलाय. फ्लॅट, रिड्युसिंग असले शब्द काढायचीच गरज नाही, वाट्या पुरतात. (शेंगदाणे शेवटी वाटून खायचे, हे महत्त्वाचं.)

दुसरं, सगळ्यांना पासबुक घेऊन यायला सांगा. त्यात मे महिन्याच्या शेवटाला ४३६ आणि २० रुपये गेलेले दिसले तर बहुतेक जणींना ते कशाचे हे माहीत नसतं. ४३६ वाली जीवन ज्योती विमा योजना, कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी वारसाला २ लाख. २० वाली सुरक्षा विमा, ती अपघाताची. खात्यात त्या दिवसांत पैसे नसले की विमा बंद पडतो आणि घरच्यांना कळतं ते नको त्या वेळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातले ५०० रुपये हलवायचे नाहीत, एवढं जरी त्यांच्या लक्षात राहिलं तरी वर्ग सार्थकी लागला म्हणा.

सातारी_तडका:
काकांचं वाट्यांचं चोरतोय :) मी १४ वर्षं फॅसिलिटी ऑपरेशन्समधे आहे, म्हणजे तुमच्या वर्गातल्या बायका ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो माणूस मी.

ताई, सॉफ्ट स्किल म्हणजे हसून गुड मॉर्निंग म्हणणं नाही. आमच्याकडे नोकरी जाते ती दोन गोष्टींनी, न सांगता खाडा आणि न समजता "हो सर". खाडा सगळ्यांचाच होतो हो, पोर आजारी पडतं, गावाला मयत होते. पण बाई लाजेने फोनच करत नाही, तीन दिवसांनी मान खाली घालून येते तोवर त्या मजल्यावर दुसरी लागलेली असते. तिला एवढंच शिकवा की शिफ्ट सुरू व्हायच्या आधी १० सेकंदाचा व्हॉइस मेसेज टाकायचा: सर, मी बी विंग तिसरा मजला, मुलाला ताप आहे, आज येत नाही, उद्या सकाळी येते. संपलं. परत कधी येणार हे त्यातलं मेन, कारण मला बदली माणूस किती दिवस शोधायचा ते कळतं. लिहिता येत नसलं तरी काही अडत नाही, पण वर्गात प्रत्येकीने आपल्या फोनवरून खरोखर पाठवून बघायला पाहिजे, नुसतं ऐकून नाही होत ते.

आणि "हो सर" चं सांगतो. एका साईटवर सुपरवायझरने नव्या बाईला घाईत सांगितलं लॉबीला आर-२ मार. आर-२ फरशीचं केमिकल असतं, आर-६ कमोडचं, त्यात अ‍ॅसिड. तिला नंबर कळला नाही पण विचारलं तर रागावतील म्हणून हो सर म्हणाली आणि संगमरवरावर आर-६ ओतलं. पॉलिश गेलं, डाग पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. बाईला काढलं. सुपरवायझर राहिला, तो भाग वेगळा. तेव्हापासून मी ट्रेनिंगमधे एकच खेळ घेतो, सांगितलेलं काम आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं, "म्हणजे मी पिवळ्या कॅनमधलं आधी बादलीत टाकायचं ना?" असं. सुरुवातीला लाजतात, वाटतं आपण मंद दिसू. तीनचार वेळा केलं की जमतं.

रिकामटेकडा:
सॉरी पण स्पष्ट बोलतो. तेरा हजारात मॅनेज काय करायचंय? पगार वाढवा की. गरिबालाच ट्रेनिंग द्यायचं आणि कॉन्ट्रॅक्टरला मोकळं सोडायचं, ही नवी फॅशन झालीय. मेसेज कसा टाकायचा हे शिकवताय, भरपगारी सुट्टी मागायची कशी हे कोण शिकवणार?

सातारी_तडका:
रिकामटेकडा भाऊ, निम्मं पटलं. पण सुट्टी मागायला आधी आपली स्लिप तर वाचता आली पाहिजे. अबोलीताई, पुढच्या वेळी पगाराच्या स्लिपा मागवा, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) काय ते त्यावर दिसेल. आणि प्रत्येकीचा तो १२ आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, बघा. कॉन्ट्रॅक्टर बदलला की काही जण सरळ नवा नंबर काढतात, जुने पैसे जुन्या नंबरवर पडून राहतात. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं नोकरी लागते, वर्षं जोडलीच नाहीत तर बाई वीस वर्षं राबूनही कागदावर कोरी.

लिंबाची_फोड:
मी जरा वेगळं लिहिते. माझी आई अशाच एका वर्गाला जायची आणि तिने तो सोडला. दोन कारणं होती. एकतर मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं तुमचं महिन्याचं उत्पन्न किती, आणि शेजारीच आमच्या चाळीतली बाई बसलेली जिच्याकडून आईने हातउसने घेतले होते. आई खोटं बोलली आणि परत गेली नाही. आकडे विचारूच नका, खोटी स्लिप बनवून फळ्यावर लावा, मग बघा कशा तुटून पडतात. दुसरं म्हणजे वर्गाची वेळ नेमकी नळाच्या पाण्याची. ताई तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं ते विचारलंत का?

अजून एक. आईचं जनधन खातं, तिचंच नाव, पण मोबाईल नंबर बाबांचा दिलेला. ओटीपी त्यांना, मेसेज त्यांना. तिने पैसे काढले की घरी पोचायच्या आत बाबांना कळायचं. बचत करा बचत करा सांगण्याआधी खात्याला नंबर कुणाचा जोडलाय ते हळूच एकेकटीला विचारा. आईने शेवटी बँकेत जाऊन फॉर्म भरून बदलला, आणि त्या दिवशी घरी काय झालं ते इथे लिहीत नाही.

जुना_बँकर:
लिंबाची_फोड, बरोबर आहे, हे आम्हा बँकवाल्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. एक राहिलं होतं, वसुलीवाल्यांचं. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. वर्गात हे सांगा आणि त्यांचे चेहरे बघा. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, फसलाच कुणी तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन.

अबोली२२:
तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. पाण्याचं विचारलं. शनिवारी पाणी ५ ला येतं!! म्हणजे मी दोन महिने नळाशी स्पर्धा करत होते. वर्ग साडेसहाला नेला, ११ जणी आल्या.

फळ्यावर खोटी स्लिप लावली. एकूण १५,५००, त्यात बेसिक आणि डीए १३,०००, पीएफ १५६० कापला, ईएसआय ११७, हातात १३,८२३. माझ्या त्या हसणाऱ्या ताईंनी बराच वेळ बघितलं आणि मग पर्समधून घडी घातलेली स्वतःची स्लिप काढली, आकडे जवळपास तेच. म्हणाल्या, साडेपंधरा सांगितले आणि तेरा-आठशे येतात, मला तीन वर्षं वाटत होतं मधले सुपरवायझर खातो, त्याच्याशी मी बोलत पण नाही नीट. (सातारी_तडका, तुमच्या जमातीतला एक माणूस निर्दोष सुटला.) मग एकजण म्हणाली ते ११७ कशाचे, आणि ईएसआय हॉस्पिटलचं कळल्यावर वर्गातलं वातावरणच बदललं, कारण तिने मागच्या पावसाळ्यात मुलाच्या डेंग्यूला खासगी दवाखान्यात १८ हजार घातलेत, व्याजाने काढून. कार्ड तिला कधी मिळालंच नव्हतं. दोघींचे दोन-दोन यूएएन निघाले, ते काम अजून चालू आहे.

मग प्रश्न आला, ऑफिसात जाऊन कार्ड मागायचं कसं, तिथला माणूस हाकलून देतो. म्हटलं चला, करून बघू, मी तो ऑफिसवाला. खुर्चीत बसले आणि म्हणाले, बोला ताई, काय मदत करू? सगळ्या खो खो हसल्या, अहो मॅडम तुम्ही फार गोड बोलताय, असा बोलतो का तो! शाळेतल्या मावशींनी मला उठवलं, खुर्चीत स्वतः बसल्या, मोबाईलमधे डोकं घातलं आणि वर न बघता म्हणाल्या, "लंचनंतर ये." समोरची गडबडली, हो सर म्हणून वळलीच. सगळ्यांनी ओरडून तिला परत पाठवलं. चौथ्या वेळेला तिने टेबलावर स्लिप ठेवली आणि म्हणाली, लंच किती वाजता संपतो सर, मी इथेच बसते.

परवा दिवसपाळी सुटल्यावर ती खरंच जाणार आहे. मावशी सोबत जाते म्हणतायत.