मलेरिया झालेल्या मुलाच्या शरीरात एकूण रक्त किती, हे मोजता येते का?

प्रश्न (निवासी डॉक्टर, बालरोग, नागपूर)

पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली, भामरागडकडची लहान मुले फॅल्सिपॅरम (सर्वांत घातक प्रकारच्या) मलेरियाने अत्यवस्थ होऊन नागपुरात रेफर होतात. कित्येकांचे हिमोग्लोबिन 100 मिलि रक्तामागे 4 ग्रॅमच्या आसपास, हातपाय गार, नाडी जलद आणि श्वास खोल असतो. हिमोग्लोबिन हे केवळ प्रमाण आहे. शरीरातील एकूण रक्त घटले आहे की रक्त तेवढेच असून त्यातील पेशी घटल्या आहेत, हे त्या आकड्यावरून समजत नाही. पुस्तकातले किलोमागे 70 ते 80 मिलि हे गणित निरोगी मुलाचे आहे. आजारी मुलाचे रक्त प्रत्यक्ष मोजण्याची काही पद्धत आहे का, आणि मोजले तर आपला निर्णय बदलेल का?

उत्तर 1 (शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक)

पद्धत आहे, आणि तिचे तत्त्व सोपे आहे. ठाऊक असलेल्या मात्रेत एखादा पदार्थ शिरेत सोडायचा, तो रक्तात सर्वत्र मिसळू द्यायचा आणि मग तो किती विरळ झाला ते पाहायचे. प्लाझ्मासाठी (रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या द्रवासाठी) इव्हान्स ब्लू हा रंग किंवा किरणोत्सारी आयोडीन जोडलेले अल्ब्युमिन (प्लाझ्मातील एक प्रथिन) वापरतात; तांबड्या पेशींसाठी क्रोमियम-51 किंवा बायोटिन.

समजा, 10 किलोच्या मुलाला 8 मिलिग्रॅम रंग दिला आणि प्लाझ्मातील त्याचे प्रमाण लिटरमागे 12.5 मिलिग्रॅम आले. म्हणजे प्लाझ्मा 640 मिलि. हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा) 15 टक्के असेल, तर एकूण रक्त 640 भागिले 0.85, म्हणजे सुमारे 753 मिलि झाले. वजनाच्या मानाने हे अगदी नेहमीचे आहे. मात्र त्यात तांबड्या पेशी जेमतेम 113 मिलि आहेत. हिमॅटोक्रिट 35 टक्के असते, तर तेवढ्याच रक्तात त्या 263 मिलि भरल्या असत्या. ॲनिमिया हळूहळू वाढला असेल तर शरीर प्लाझ्मा वाढवून भर काढते, म्हणून असे चित्र दिसू शकते.

मलेरियात या मोजमापाला दोन अडचणी येतात. इव्हान्स ब्लू अल्ब्युमिनला चिकटून फिरतो. सूक्ष्म वाहिन्यांतून अल्ब्युमिन पाझरू लागले की रंगही बाहेर जातो आणि प्लाझ्मा आहे त्याहून जास्त भासतो. दुसरे म्हणजे, फॅल्सिपॅरमच्या पूर्ण वाढ झालेल्या परजीवींनी ग्रासलेल्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, त्यामुळे शिरेतून घेतलेल्या नमुन्यात त्या जवळजवळ दिसतच नाहीत. शिवाय ओळीने अनेक नमुने घ्यावे लागतात, आणि ज्या मुलाचे रक्त आधीच इतके पातळ झाले आहे त्याच्याकडून ते घेणे मला पटत नाही. ही पद्धत संशोधनासाठी ठीक आहे, तातडीच्या उपचारासाठी नव्हे.

उत्तर 2 (बालरोगतज्ज्ञ)

सरांच्या गणितातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. गार हातपाय आणि जलद नाडी पाहून ‘पाणी कमी पडले’ असे समजून झपाट्याने सलाइन देण्याचा मोह होतो. पण खोल श्वासामागे बहुतेक वेळा लॅक्टेट साचल्याने वाढलेले आम्ल असते, आणि ते ऊतींना ऑक्सिजन पुरेसा न मिळाल्याचे लक्षण आहे. रक्ताचे आकारमान कमी असेलच असे नाही. केनिया, युगांडा आणि टांझानियातील 3,141 तापाच्या गंभीर मुलांवरच्या फीस्ट चाचणीत, जिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले, बोलस (झपाट्याने शिरेतून सोडलेले सलाइन किंवा अल्ब्युमिन) दिलेल्या दोन्ही गटांत 48 तासांतील मृत्यू सुमारे साडेदहा टक्के होते. बोलस न दिलेल्या गटात 7.3 टक्के. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता.

म्हणून आर्टेसुनेट हे मलेरियाचे औषध विनाविलंब सुरू करावे (20 किलोखालील मुलांना किलोमागे 3 मिलिग्रॅम), साखर तपासावी आणि हिमोग्लोबिन 4 च्या खाली असेल, किंवा 4 ते 6 असून श्वास खोल असेल वा शुद्ध हरपत असेल, तर रक्त द्यावे: पॅक्ड सेल (प्लाझ्मा बराचसा काढलेल्या तांबड्या पेशी) किलोमागे 10 मिलि, 3 ते 4 तासांत. पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे मुलाजवळून हलू नये. नाडी, श्वास आणि यकृताची कड तपासत राहावे.

प्रश्नकर्ता

सर, मॅडम, मनापासून आभार. आपल्याकडे यांतल्या काही मुलांना सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) हाही असतो. तिथेही हेच धोरण ठेवावे का?

उत्तर 2 (बालरोगतज्ज्ञ)

नाही, तिथे सावध राहावे लागते. सिकलसेलच्या मुलाची पाणथरी (प्लीहा) एकाएकी मोठी झाली असेल, तर पुष्कळसे रक्त तिच्यातच अडकलेले असते आणि फिरते रक्त खरोखरच घटलेले असते. तो शॉक खरा असतो आणि त्यावर उपचार करावाच लागतो. मात्र पाणथरी ओसरू लागली की अडकलेल्या पेशी परत येतात आणि हिमोग्लोबिन अपेक्षेपेक्षा वर जाते, म्हणून रक्त थोडे थोडे करून द्यावे. दाखल करतानाच पाणथरीची कड पोटावर पेनाने आखून ठेवावी आणि दर काही तासांनी हाताने पुन्हा तपासावी. ही खूण रेफरच्या चिठ्ठीतही नोंदवली, तर पुढच्या डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.